नावाडिणीचा आवाज

नावाडीण नऊशे वर्षांची होती आणि दिसायला पंचविशीची. ताई पंचावन्न वर्षांच्या होत्या आणि दिसायलाही पंचावन्नच्याच. पुढे जो काही प्रकार घडला त्याच्या मुळाशी एवढाच फरक आहे.

नावाडीण ही एका ॲनिमे मालिकेतली बाई. रुंद, पलीकडचा काठ न दिसणारी नदी, तिच्यावर एक सपाट नाव, आणि नाव वल्हवणारी ही. तिला मरण नाही. का नाही, हे मालिकेत कधीतरी सांगितलं होतं, पण ते इतकं लांबण लावून सांगितलं होतं की पाहणाऱ्यांनी तो नाद सोडून दिला. लोक नावेत बसतात, पलीकडे जातात, संसार करतात आणि केस पिकवून परत येतात. ही आपली तिथेच, तीच वेणी, तेच वल्हं. पहिली दोनतीनशे वर्षं तिने माणसांना नावं विचारली. मग ती माणसं एकेक करून जात राहिली, तसं तिने विचारणं बंद केलं. चेहऱ्यावर काही नाही, आवाजात काही नाही. चित्रं काढणाऱ्यांची त्यामुळे चंगळ होती. बाई हसत नाही, रडत नाही, भुवई उचलत नाही. एकदा काढलेला चेहरा सीझनभर पुरतो.

आपल्या भाषेत या बाईचा आवाज ताईंचा. कुणीही नावेत पाय ठेवला की नावाडीण म्हणते, "बसा. हलू नका." ताईंनी ते असं काही म्हणून ठेवलं होतं की जिन्यात बसलेली पोरं एकमेकांना तेच सांगायची. कोपऱ्यावरचा दातांचा डॉक्टरसुद्धा खुर्चीत आडव्या झालेल्या माणसाला त्याच सुरात तेच सांगायचा, आणि माणूस खरोखर हलायचा नाही.

आता जिच्या गळ्यातून हा दगड निघतो ती बाई स्वतःही दगडच असणार असं कुणालाही वाटेल. तिथेच लोक फसत. ताई एक नंबरच्या रडूबाई होत्या. साबणाच्या जाहिरातीतली आई पोराचा शर्ट धुताना हसली की यांच्या डोळ्यांत टचकन पाणी. शेजारीण बदली होऊन गेली तेव्हा रडल्या, आणि बदली रद्द होऊन परत आली तेव्हाही रडल्या. माहेरी त्यांना 'नळ' म्हणत. लग्नानंतर नवऱ्याने त्यात थोडी दुरुस्ती करून 'गळका नळ' केलं.

स्टुडिओत त्या मुळात आल्या होत्या त्याही रडायलाच. पडद्यावर गाव जळतं, पूर येतो, राजाची अंत्ययात्रा निघते, तेव्हा मागे गर्दीतल्या बायकांचं रडणं लागतं. बाकीच्या बायका हुंदके काढायच्या. ताई सरळ रडायच्या. चित्र न पाहताही रडायच्या. दिग्दर्शक तेव्हा नवखा होता. तो म्हणायचा, "यांना फक्त गावाचं नाव सांगा, गाव जळलंय की नाही ते नंतर बघू."

मालिकेच्या पहिल्याच दिवशी नावाडिणीचं काम करणारी नटी आली नाही. ताई कोपऱ्यात आपल्या पाळीची वाट बघत लोकरीचा गुंडा सोडवत बसल्या होत्या. स्वेटर विणायला घेतलेल्या त्या लोकरीचा असा काही गुंता झाला होता की ताईंचा सगळा जीव त्या एका गाठीत अडकला होता. माईक तपासायचा म्हणून दिग्दर्शक म्हणाला, "ताई, ही ओळ जरा वाचता का, कशीही." ताईंनी कागदाकडे एकदा पाहिलं, पुन्हा गाठीत नख घातलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "बसा. हलू नका."

काचेपलीकडे बसणाऱ्या ध्वनिमुद्रकाला सगळे 'कान' म्हणत, कारण त्याला खालच्या मजल्यावरच्या पंख्याची कुरकुरही ऐकू यायची. कानाने हेडफोन काढून दिग्दर्शकाकडे बघितलं. ती नटी नंतर आली, चहा घेऊन परत गेली.

अडचण अशी की ती किमया गाठीची होती. लोकर हातातून काढून घेतली की ताई तिसऱ्या ओळीला हुंदका द्यायच्या. कुणी म्हातारा नावेतून उतरताना मागे वळून बघायचा, आणि नावाडीण निर्विकारपणे पुढचं गिऱ्हाईक घेण्याऐवजी स्फुंदायला लागायची. म्हणून नियमच पडला. ताई माईकपुढे उभ्या, डोळे पडद्यावर, आणि बोटं कमरेपाशी धरलेल्या लोकरीच्या गुंत्यात. लोकरच, कारण तिचा आवाज होत नाही. एकदा शिवणाचा दोरा आणून पाहिला, तर कान म्हणाला की नदीत उंदीर शिरलेत.

गुंता घालून द्यायचं काम नवऱ्याकडे. नवरा शिंपी, घराखालीच दुकान. दिवसभर लोकांचे दोरे सरळ करायचे आणि संध्याकाळी बायकोच्या लोकरीचा विचका करायचा, असा त्याचा दिनक्रम झाला.

"काल फारच सोपा होता," ताई तक्रार करायच्या. "अर्ध्या भागात सुटला. पुढचं सगळं रडवेलं गेलं."

"लग्न झाल्यापासून मी फक्त गुंतेच घालतोय असं सांगतेस ना सगळ्यांना? मग आता मुद्दाम घालायला सांगितल्यावर जमत नाही बघ."

सासूबाई मालिका न चुकता बघायच्या. पण तो आवाज सुनेचा आहे हे त्यांना मान्य नव्हतं. समजावून सांगितलं, स्टुडिओतला फोटो दाखवला, ताईंनी समोर उभं राहून "बसा, हलू नका" म्हणून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "जमतंय हो थोडं थोडं." आणि वर, "ती बाई बघ कशी आहे. एवढी माणसं गेली, पण डोळ्यांतून टिपूस नाही. नाहीतर तू."

असे सीझनमागून सीझन गेले. नावाडिणीची वेणी होती तशीच राहिली. ताईंच्या गळ्यात मात्र हळूहळू थोडी वाळू आली. खालचा सूर आणखी खाली गेला, लांब वाक्याच्या शेवटी आवाज कातरायला लागला. कानाला हे सगळ्यांच्या आधी कळलं होतं, पण तो मूग गिळून गप्प बसला आणि यंत्रावर जे काही घासूनपुसून घेता येईल ते घेत राहिला.

शेवटच्या सीझनच्या तोंडावर कंपनीने विषय काढलाच. कंपनी म्हणजे दूरच्या शहरातली चारपाच माणसं, जी फोनवर भेटायची. त्यांचं म्हणणं साधं होतं. नावाडिणीचं वय होत नाही, आणि तिचा आवाज मात्र म्हातारा व्हायला लागलाय अशी आम्हाला शंका आहे. एक तरुण आवाज घ्या. जुन्याच भागातला एक प्रसंग दोघींकडून म्हणून घ्या. नावं न लावता पाठवा, एक आणि दोन. ऐकून ठरवू. नावाडीण ताईंची राहणार की जाणार, ते त्या दोन तुकड्यांवर ठरणार होतं.

तरुण आवाज लगेच मिळाला. ती मुलगी लिफ्टमध्ये बोलायची. म्हणजे शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये 'दार बंद होत आहे' सांगणारा आवाज तिचा. लहानपणी ती गॅलरीत खुर्ची उलटी घालून त्यात बसायची आणि झाडूने नाव वल्हवायची. नावाडिणीची झाडून सगळी वाक्यं तिला पाठ होती, श्वासासकट. ताईंनी पहिल्या सीझनमध्ये एका वाक्यात घाबरून नको तिथे श्वास घेतला होता, तोही ती तिथेच घ्यायची.

"मॅडम, मी तुमच्याकडूनच बोलायला शिकले," ती ताईंना म्हणाली.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात काही विशेष नव्हतं. त्या दिवशी सकाळी दूधवाल्याने सुट्टी घेतो म्हटल्यावरही आलं होतं.

तुकडे गेले. दोनचार दिवसांनी कंपनीचा फोन आला. दिग्दर्शकाने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. मुलगी त्या दिवशी नव्हती. ताई खुर्चीच्या कडेला टेकल्या होत्या आणि त्यांच्या हातात लोकर नव्हती.

"ऐकले आम्ही दोन्ही," फोनमधला माणूस म्हणाला. "एकमताने ठरलंय. दुसरा आवाज."

दुसरा आवाज मुलीचा होता. दिग्दर्शकाने ताईंकडे बघायचं टाळून टेबलाच्या कडेकडे बघितलं.

"म्हणजे आमची शंका खोटी ठरली," माणूस खुशीत पुढे बोलतच होता. "बाईंच्या आवाजाला काही म्हणता काही झालेलं नाही. पहिल्या सीझनला होता तसा आहे, हुबेहूब. पहिल्या तुकड्यातली जी कोणी मुलगी आहे तीही बरी करते नक्कल. मेहनत घेतलीय तिने. पण नक्कल लगेच कळते हो. जरा वयस्कर करते आवाज. तर बदल नको. आपल्या मूळ बाईच राहू द्या. त्यांना आमचा नमस्कार सांगा."

फोन बंद झाला. खोलीत इतकी शांतता पसरली की कानाशिवाय इतरांनाही खालचा पंखा ऐकू आला.

"अभिनंदन, ताई," कान म्हणाला, आणि आपण काय बोललो ते स्वतःच ऐकून घाईघाईने एक वायर गुंडाळायला लागला.

दिग्दर्शक सगळ्यांत आधी सावरला. "हे बघा. झालं ते उत्तमच झालं. त्यांनी तुम्हालाच ठेवलंय. नाव तुमचं घेतलंय. उद्यापासून तुम्ही या, तुमच्या आवाजात करा, आपण तेच पाठवू. आता एकदा त्यांनी ठरवलंय की हा आवाज बदललेला नाही, तर त्यांना तो बदललेला ऐकू येणारच नाही."

"आणि ती मुलगी?"

"तिला सांगू, नाही जमलं. तिला लिफ्ट आहेत."

ताई उठल्या. पर्स उचलली आणि निघाल्या.

घरी त्यांनी सगळं सांगितलं. नवरा एका पँटीची उंची कापत होता. तो म्हणाला, "मग बिघडलं कुठे? काम तुझं राहिलं."

"मला नकलाकार म्हणाले."

"तुला कुठे म्हणाले? त्या पोरीला म्हणाले."

"त्या पोरीला ते मी समजले. आणि मला ते ती समजले."

नवऱ्याने कात्री खाली ठेवली. "थांब. त्यांना आवडली कोण?"

"मी."

"म्हणजे ती."

"हो. पहिल्या सीझनची मी. आत्ताची जी मी आहे ती त्यांना माझी नक्कल वाटली. वर म्हणे मेहनत घेतलीय."

"घेतली आहेसच की," नवरा म्हणाला आणि पुन्हा कापायला लागला, कारण या वळणावर जास्त बोलणारा नवरा त्याने स्वतःच्या बापात पाहिला होता.

संध्याकाळी त्याने दोन्ही तुकडे ताईंच्या फोनमधून आईला ऐकवले. सासूबाईंनी डोळे मिटून ऐकले. म्हणाल्या, "दोन्ही तीच आहे. एकात जेवण झालंय, एकात व्हायचंय." कुठल्यात काय ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

त्या दिवशी ताई रडल्या नाहीत. भांडी घासताना नाहीत, जाहिरातीला नाहीत, सासूबाईंनी टोमणा मारला तेव्हाही नाहीत. घरात चिंता पसरली. नवऱ्याने न सांगता लोकरीचा चांगला पक्का गुंता घालून त्यांच्या उशाशी ठेवला. सकाळी तो तसाच होता.

सकाळी ताईंनी कंपनीला फोन लावला.

"मी नावाडीण बोलतेय."

माणूस गडबडला, मग फार आनंदला. "बोला ना. अभिनंदन. काय आवाज राखलाय तुम्ही."

"पहिला आवाज माझा होता."

"नाही हो, दुसरा."

"दुसरा मुलीचा. ती पोर आहे. पहिला माझा. तुम्ही ज्याला नक्कल म्हणालात तो."

पलीकडे काही कागद हलले. "पण तो तर जरा..."

"वयस्कर वाटतो. वाटणारच. तसा म्हणा, माझं काही म्हणणं नाही. पण नक्कल म्हणू नका."

"नाही म्हणणार."

"आणि पहिला आवाज मूळ होता असं म्हणा."

"पहिला आवाज मूळ होता," माणूस शाळेतल्या पोरासारखा म्हणाला. मग, "पण ताई, आता आमची पंचाईत झाली. आम्ही ठरवलं होतं ते आवाज ऐकून. नाव नंतर जोडलं."

"मला माहीत आहे काय ठरवलं होतं ते."

"तुम्ही बोलला नसतात तर..."

"ठेवते," ताई म्हणाल्या.

फोन ठेवला आणि मग कुठे नळ सुटला. चहा दोनदा गार झाला. घरातल्यांना एकदम हायसं वाटलं.

दिग्दर्शकाला मात्र अजिबात हायसं वाटलं नाही. "गप्प बसला असतात तर काय बिघडत होतं?" तो फोनवर ओरडायचाच बाकी होता.

"गप्प बसायचं काम नावाडिणीचं. ती करते ते, नऊशे वर्षं करतेय. मी कशाला बसू?"

नावाडीण मुलीला मिळाली. काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी घोळ लक्षात आला. जुनी वाक्यं मुलीला येत होती, कारण ती ताईंनी म्हणून ठेवलेली होती. शेवटच्या सीझनची वाक्यं नवीन होती. ती कुणीच अजून म्हटलेली नव्हती, मग नक्कल कशाची करणार? 'बसा, हलू नका'पर्यंत नावाडीण साक्षात समोर उभी राहायची, आणि पुढच्याच वाक्याला लिफ्टचं दार बंद व्हायचं.

दिग्दर्शकाला लोकर आठवली. त्याने बाजारातून गुंडा आणला, स्वतः गुंतवला आणि मुलीच्या हातात दिला. मुलगी मन लावून गाठ सोडवायला लागली. तिचं मन त्यात इतकं रमलं की आपली ओळ आली कधी आणि गेली कधी हे तिला कळलंच नाही. गुंता मात्र सुरेख सुटला.

मग दिग्दर्शकाने ताईंना फोन केला. या, प्रत्येक ओळ आधी तुम्ही म्हणा, मागून ती म्हणेल. ताई नाही म्हणाल्या. त्याने पुन्हा केला. त्या पुन्हा नाही म्हणाल्या.

दोन दिवसांनी मुलगी शिंप्याच्या दुकानात उभी. हातात एक पँट.

"ही जरा आखूड करायची होती."

शिंप्याने पँट उलटसुलट करून बघितली. "ही आखूडच आहे. आणखी केली तर हिला पँट म्हणता येणार नाही." मग त्याने जिन्याकडे बोट केलं. "वर आहेत. पँट इथे ठेवून जा, खोटं वाटायला नको."

वर ताई शेंगा सोलत बसल्या होत्या. मुलगी समोर बसली आणि न विचारता शेंगा सोलायला लागली.

"रागावलात?"

"हो."

मुलीला 'नाही गं' अशा उत्तराची सवय असावी. चारसहा शेंगा सोलून झाल्यावर ती म्हणाली, "मला माहीत नव्हतं त्यांनी असं केलं ते. मला तर कळवलं होतं की मी नापास."

"पास झालीस. माझ्या नावाने."

"ताई, जुनं सगळं येतं मला. नवी ओळ आली की माझा आवाज ना तुमचा राहत ना माझा. एकदाच म्हणून दाखवा. एकच प्रसंग."

"नाही."

"रागामुळे?"

"राग वेगळा. तो आहे, त्याला राहू दे. मी म्हटलं की तू तेच म्हणशील. मग उद्या त्यांनी तुला नकलाकार म्हटलं तर मी कुठल्या तोंडाने फोन करू?" ताईंनी टरफलं एका बाजूला सारली. "कुठला प्रसंग अडलाय?"

मुलीने सांगितला. एक म्हातारी बाई काठावर येते. ती पाचसहा वर्षांची असताना याच नावेतून पलीकडे गेली होती. आता परत जायला आलीय, आणि पलीकडचा काठ गाठायच्या आत नावेतच मरणार आहे. ती विचारते, मला ओळखलंस? नावाडीण म्हणते, नाही. तिने ओळखलेलं असतं. सगळा सीझन त्या एका शब्दावर उभा आहे, आणि तोच शब्द मुलीच्या तोंडून पहिला मजला आल्यासारखा येत होता.

"म्हातारी कोण करतंय?"

"अजून कुणी नाही. मी माझं आधी करायचं, मग म्हातारीचं कुणीतरी नंतर येऊन करेल."

ते बरोबरच होतं. त्या स्टुडिओत कधीच दोन माणसं एकत्र बोलत नसत. प्रत्येकाने आपापल्या वेळेला यायचं, कानात मूळ भाषेतले परके आवाज ऐकायचे, पडद्यावरच्या ओठांत आपले शब्द बसवायचे आणि जायचं. ताईंनी इतकी वर्षं हजारो माणसं पार नेली होती, पण एकाही उतारूचा आवाज त्यांनी समोर उभ्याने ऐकलेला नव्हता.

"म्हातारी मी करते," ताई म्हणाल्या. "पण एकत्र करायचं. तू आणि मी, एकाच खोलीत. दिग्दर्शकाला सांग, नाहीतर नाही."

दिग्दर्शकाने कुरकुर केली. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरतो, मग काही दुरुस्त करता येत नाही, वगैरे. कान म्हणाला, "शिरू दे." तो बोलतो क्वचित, त्यामुळे त्याचं ऐकावं लागतं.

भिंतींना जाड गादी मारलेली ती छोटी खोली एकीसाठी बांधलेली होती. दोन माईक, दोन स्टँड, आणि मध्ये एक हात जागा. समोर पडद्यावर नदी. दोघींनी हेडफोन चढवले. ताईंनी सवयीने कमरेपाशी हात नेले, तिथे काही नव्हतं, तसे खाली सोडले. आज रडू आलं तर येऊ द्यायची मोकळीक होती; त्या आज उतारू होत्या.

पहिला टेक. पडद्यावर म्हातारी नावेत बसली.

"बसा," मुलगी म्हणाली. "हलू नका."

ताईंच्या कानात त्यांचाच आवाज आला. तरुण, सपाट, पहिल्या सीझनचा. हा आवाज त्यांनी असंख्य वेळा काढला होता, पण तो आपल्याला उद्देशून कुणी काढलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांना खरंच हलता येईना. म्हातारीची ओळ आली आणि गेली.

"सॉरी," ताई म्हणाल्या. "पुन्हा."

दुसरा टेक. ताईंनी ओळ घेतली. "मला ओळखलंस?"

"नाही," मुलगी म्हणाली. पहिला मजला.

तिसरा. चौथा. मुलीचे डोळे पडद्यावरच्या ओठांना चिकटलेले. ओठ उघडले की शब्द, मिटले की बंद. ओठ अगदी चोख जुळत होते. बाकी काहीच जुळत नव्हतं. काचेपलीकडे दिग्दर्शक कपाळ चोळायला लागला.

पाचव्या टेकला ताईंनी कधीच न केलेली गोष्ट केली. त्यांनी पडद्यावरून डोळे काढले. वळल्या, मुलीकडे तोंड केलं, आणि सगळी वाळू असलेल्या, कातरलेल्या, कंपनीला नक्कल वाटलेल्या आवाजात विचारलं, "मला ओळखलंस?"

मुलीने चमकून पाहिलं. पडद्यावर नावाडिणीचे ओठ उघडले. मिटले. मुलगी ताईंकडे बघतच राहिली. झाडूने वल्हवायच्या दिवसांपासून जो आवाज तिच्या कानात होता, तो आता असा झाला होता, आणि तो तिला विचारत होता. नाव पुढे गेली, वल्हं पाण्यात एकदा पडलं.

"नाही," मुलगी म्हणाली.

हे 'नाही' ताईंचं नव्हतं. ताईंनी इतक्या वर्षांत कुठेही असं 'नाही' म्हटलेलं नव्हतं. त्यांना ते सुचलंही नसतं. त्यांच्या हातात लोकर असती आणि ते गुळगुळीत, दगडासारखं पडलं असतं. हे थोडं खरखरीत होतं, जणू आतून कुणी दार धरून ठेवलंय.

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. इथे चित्रात ती हसते. ताई हसल्या, डोळ्यांतून धारा चालल्या होत्या आणि आवाज हसत होता. "मलाही तुझं नाव कधी कळलं नाही."

टेक संपला. दिग्दर्शकाने बटण दाबलं. "छान. पण 'नाही' उशिरा आलं. ओठ मिटल्यावर."

"सरकवतो," कान म्हणाला. हे त्याचं रोजचं काम. आवाजाचा तुकडा केसभर मागे ओढला की झालं. त्याने ओढला आणि वाजवून दाखवला. ओठ उघडले, 'नाही', ओठ मिटले. सगळं जागच्या जागी. आणि ऐकणाऱ्या चौघांनाही एकदम कळलं की त्यात आता काहीच उरलेलं नाही.

कानाने न सांगता तुकडा पुन्हा होता तिथे नेऊन ठेवला.

"कंपनी परत पाठवेल," दिग्दर्शक म्हणाला. "म्हणतील, ओठ एक बोलतायत आणि बाई दुसरंच."

"तेच तर आहे," मुलगी म्हणाली.

"पाठवू दे परत," ताई म्हणाल्या. "मग मी फोन करेन."

दिग्दर्शक त्यांच्याकडे बघत राहिला. "नको," तो घाईने म्हणाला. "तुम्ही फोन नका करू. राहू दे ते तसंच."

पुढच्या प्रसंगात म्हातारी मेलेली होती. नावाडीण एकटीच नाव परत आणते आणि मोकळ्या नावेशी काहीतरी बोलते, एवढंच होतं. ताईंचं काम संपलं होतं. त्यांनी हेडफोन काढून स्टँडवर अडकवले, डोळे पुसले.

"थांबा ना," मुलगी म्हणाली. "पुढची ओळ माझी लांब आहे."

"मेलेलं माणूस खोलीत थांबलं तर तू कोणाशी बोलणार?"

"नाही जमली तर?"

"तर परत म्हणशील. तुला कुठे मरायचंय."

मुलगी हसली, मग पडद्याकडे वळली. ताई बाहेर आल्या. मागे जड दार आपोआप लागलं आणि त्याच्यावरचा लाल दिवा पेटला. दाराला वहीएवढी काच होती. त्या काचेतून मुलीची पाठ दिसत होती, आणि पलीकडे पडद्यावर रिकामी नाव. थोड्या वेळाने मुलीची मान किंचित हलली. ओळ सुरू झाली होती. खोली आवाज बाहेर न येण्यासाठीच बांधलेली असल्यामुळे ताईंना एक अक्षर ऐकू आलं नाही. नावाडीण ते कसं म्हणाली, हे त्यांना आता मालिका लागल्यावरच कळणार होतं, बाकीच्यांसारखं.